सासऱ्याचं टेसन

सारंगखेडा, ता. शहादा
१६ नोव्हेंबर २०२३

कै. सुपडू गिरधर माळी यांच्या घरच्या मंडळींस,
स. न.

मी नवनीत पटेल. नाव ऐकून पत्र चुलीत घालावंसं वाटलं तर घाला, पण आधी वाचा.

त्र्याऐंशीच्या वैशाखात पळसदऱ्याजवळच्या फाटकापाशी पॅसेंजर आणि मालगाडी समोरासमोर धडकली. सतरा माणसं गेली. मालगाडी सोडणारा पळसदऱ्याचा स्टेशन मास्तर तो मी. तुमचे सुपडूभाऊ त्या फाटकावर गेटमन होते. पुढे माझी नोकरी गेली, दीड वर्ष आत काढलं, आणि तेव्हापासून तापीकाठच्या या घरात माडीवर बसून आहे. खाली फारसा उतरत नाही. उतरलो की एखादा तरी ओळखतोच.

सुपडूभाऊ वारल्याचं मला चार वर्षांनी, म्हणजे आत्ता दिवाळीत कळलं. ते असेपर्यंत मी लिहिलं नाही, कारण त्यांनी चौकशीत जे सांगितलं तेच ते मरेपर्यंत सांगणार हे मला माहीत होतं. आता घरातल्या कुणाला तरी एकच गोष्ट विचारायची आहे. त्या संध्याकाळी फाटकावरचा फोन एका बाईने उचलला होता का?

कोर्टकचेरी नको, पेपरवाले नकोत. हो किंवा नाही, एवढंच लिहा. फोन करू नका, मी फोनवर बोलत नाही.

नवनीत पटेल


खांडबारा, ता. नवापूर
२७ नोव्हेंबर २०२३

आदरणीय नवनीतकाका,
सा. न.

मी प्रतिभा, सुपडूअण्णांची सून. पत्र मीच घेतलं आणि मीच वाचलं, कारण आमच्याकडे पोस्टमन फक्त माझ्या शिलाईच्या दुकानाशी थांबतो. चुलीत घातलं नाही, आमच्याकडे गॅस आहे.

तुमचा प्रश्न मी सासूबाईंना विचारला, म्हणजे आडून आडून विचारला. दगूबाई माळी हे काय प्रकरण आहे ते तुम्हाला माहीत नसेल. सरळ विचारलं की त्यांना त्याच वेळी ऐकू येईनासं होतं. अपघाताचा विषय काढला तर म्हणाल्या, "तो मास्तर बहिरा व्हता." आणि लसूण सोलायला बसल्या.

काका, राग मानू नका, पण घरात सगळे एकच सांगतात. अण्णांनीच फोन घेतला, अण्णांनी गिरधरपूर असं स्पष्ट सांगितलं, तरी तुम्ही गाडी सोडलीत. मी या घरात आले तेव्हापासून हेच ऐकते आहे. तेव्हा उत्तर नाही असंच समजावं.

तुम्ही माडीवर एकटेच असता का? घरात कुणी आहे ना? हे विचारायचा मला अधिकार नाही, पण पत्र वाचल्यापासून ते मनातून जात नाही.

आपली,
प्रतिभा मिथुन माळी


सारंगखेडा
४ डिसेंबर २०२३

सौ. प्रतिभाताई,

मी तुमचा काका नाही. असो.

घरात मुलगा, सून, नात किंजल आहे. सगळे चांगले आहेत आणि माझ्याशी जपून बोलतात. मोबाईल वाजला की उठून गच्चीवर जातात. त्या संध्याकाळनंतर मी फोन कानाला लावलेला नाही. ज्या कानाने नसलेली बाई ऐकली, त्या कानावर पुन्हा विश्वास कसा ठेवू?

तुम्ही "बहिरा" हा शब्द लिहिलात म्हणून आता सगळंच सांगतो. तेव्हा एकच रूळ होता. कोळवाण, मग गिरधरपूर, मग तुमचं फाटक, मग माझं पळसदरा. पॅसेंजर कोळवाणकडून येत होती. वादळाने तारा तुटल्या आणि गिरधरपूरशी माझं बोलणं बंद पडलं. फाटकाशी मात्र दोन्ही बाजूंचे फोन लागत होते. इकडे वरून सारखा तगादा, मालगाडी सोडा, मालगाडी सोडा. मी फाटकाला फोन लावला आणि विचारलं, पॅसेंजर कुठून निघाली? एक बाई बोलली, "मन्हा सासराना टेसनवरथीन निंघनी."

माझ्या सासऱ्याच्या स्टेशनवरून निघाली. सुपडूचं घर कोळवाणचं हे लाईनवर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे गेटमनच्या बायकोचं सासर कोळवाण. म्हणजे गाडी आत्ता कोळवाण सोडतेय, अजून गिरधरपूरला यायची आहे. तेवढ्यात माझी मालगाडी गिरधरपूरला पोचून बाजूच्या रुळावर लागली असती. मी हिरवा दिवा दाखवला. पॅसेंजर तर गिरधरपूरहून कधीच सुटली होती.

नियमाप्रमाणे तारा तुटल्यावर माणूस पाठवून गिरधरपूरचा कागद आणायला हवा होता. तो मी आणला नाही, फाटकाच्या तोंडच्या शब्दावर गाडी सोडली. ती शिक्षा मी नाकारत नाही. त्या पॅसेंजरमध्ये मोतीबाई होती, आंब्यांची पाटी घेऊन रोज जायची आणि माझ्या टेबलावर दोन फळं ठेवायची. ती गेली. मी कुणाला काय नाकारणार?

पण चौकशीत सुपडू म्हणाला, फोन मीच घेतला, बाई नव्हतीच. मग माझा वकील म्हणाला, बाईचं सोडा. शेवटी माझी बायकोही म्हणाली, "तुम्हाला भास झाला असेल हो." ती मला फार जपायची. पण भास म्हणाली, आणि तशीच गेली. तेव्हापासून मी इथे बसून स्वतःलाच तपासतो आहे, की मी वेडा होतो का.

तुमचं उत्तर "नाही" असं आलं आहे. ठीक आहे.

नवनीत पटेल


खांडबारा
२३ डिसेंबर २०२३

नवनीतकाका,

काकाच म्हणणार. हे पत्र वाचताना तुम्ही बसलेले असा, उभे राहून वाचू नका.

तुमचं पत्र मी पिठाच्या डब्यात लपवलं आणि ठरवलं की आता लिहायचं नाही. पण परवा आमच्या नात्यात लग्न होतं, गिरधरपूरला. माझी आई नंदुरबारहून परस्पर येणार होती. ती या बाजूला नवीन. मी हॉलवर भाज्यांच्या गोंधळात, म्हणून तिने सासूबाईंना फोन करून विचारलं की उतरायचं कुठे. वऱ्हाड जेवून उठलं तरी आईचा पत्ता नाही. शेवटी मी आणि सासूबाई गिरधरपूरच्या फलाटावर बघायला गेलो, तिथून फोन लागला तर ही बाई कोळवाणच्या फलाटावर, उन्हात, पापडांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली, आणि माझ्यावरच चिडलेली. म्हणे, "तुझ्या सासूनेच सांगितलं, मन्हा सासराना टेसनवर उतरजो!"

मी सासूबाईंकडे वळून म्हटलं, अहो, तुम्ही त्यांना कोळवाण का सांगितलंत? तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी मीच खुळी. "कोळवाण कोन म्हने? सासरानं टेसन सांगं मी. हाईच टेसन!" आणि बोट कुठे दाखवलं ठाऊक आहे? फलाटावरच्या पिवळ्या पाटीकडे.

काका, त्यांच्या सासऱ्यांचं नाव गिरधर. तुम्ही स्वतःच पहिल्या पत्रावर लिहिलं आहे, सुपडू गिरधर माळी.

नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत, सासऱ्याचं तर त्याहून नाही. वरच्या आळीत गिरधर नावाचा शिंपी आहे, त्याला त्या चाळीस वर्षं "तो सुईवाला" म्हणतात. मी मिथुनला मिथुन म्हणून हाक मारते तर अजून कानावर हात ठेवतात. आणि ज्या गावाच्या नावात सासरा आहे ते गाव कसं उच्चारायचं? म्हणून ते "सासरानं टेसन". घरातल्या सगळ्यांना हे पाठ आहे, मलाही. पण तुमच्या पत्रात ते शब्द वाचून माझ्याही डोक्यात कोळवाणच आलं होतं.

तिथेच फलाटावर मला रडू फुटलं. लोकांना वाटलं आईसाठी रडतेय.

बाई होती, काका. तुम्हाला भास झाला नव्हता.

प्रतिभा

ता. क. त्या गडबडीत सासूबाई फलाटाच्या पायरीवरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं आहे. सध्या खाटेवर आहेत, उठता येत नाही.


सारंगखेडा
३० डिसेंबर २०२३

प्रतिभाताई,

पत्र चार दिवसांपूर्वी आलं.

खाली घोड्यांची यात्रा भरली आहे. रात्रंदिवस टापा आणि भोंगे. मी खिडकी लावून तुमचं पत्र पुन्हापुन्हा वाचतो. आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग इतका राग आला की किंजलने दार वाजवलं तर तिच्यावरच ओरडलो. एका नावापायी! बाई, एकदा तोंड उघडून गिरधरपूर म्हणाली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?

आणि मग आठवलं. माझी आई माझ्या काकांचं नाव घ्यायची नाही. काका होते शांतिलाल, तर आई "शांत बस" असंसुद्धा म्हणायची नाही, "गप बस" म्हणायची. आम्ही हसायचो. मला हे सगळं माहीत होतं, ताई. लहानपणापासून माहीत होतं. फोनवर ती बाई "सासऱ्याचं" म्हणाली तेव्हा मी तिला आणखी विचारलं नाही, कारण परक्या बाईला सासरच्या गोष्टी खोदून विचारायच्या नसतात. मी तर तिची अडचण टाळली. केवढा सभ्य माणूस!

एक मागतो. तुमच्या सासूबाईंच्या तोंडून ऐकायचं आहे. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे हे डोक्याला पटतं, पण माझ्या कानाला पटत नाही. त्यांना इथे आणता येईल का? गाडीचं मी बघतो.

नवनीत पटेल


खांडबारा
१४ जानेवारी २०२४

काका,

उद्या संक्रांत. तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही.

सासूबाई खाटेवरून उतरू शकत नाहीत, डॉक्टरने तीन महिने सांगितले आहेत. तुम्ही माडीवर, त्या खाटेवर. आणि मी दोघांच्या मधे, कारण पिठाचा डबा मिथुनने उघडला.

मिथुन भडकला. तो वाईट नाही, पण बाप म्हणजे त्याचा देव. "मरानंतर मन्हा बापले खोटा ठराऊ नको," म्हणाला, आणि दोन दिवस जेवला नाही. मी म्हटलं, अण्णा खोटं बोलले असतील तर का बोलले ते तरी कळू दे. तेव्हा खाटेवरून सासूबाई मिथुनला म्हणाल्या, "तुन्हामुळे."

मग सगळं बाहेर आलं. त्या संध्याकाळी वर्षभराचा मिथुन तापाने फणफणला होता, डोळे फिरवत होता. गिरधरपूरचा फोन अण्णांनीच घेतला, गाडी निघाली असं बायकोला सांगितलं, फाटक लावलं आणि पोराला घेऊन खांडबाऱ्याच्या दवाखान्याकडे पळाले. मागे तुमचा फोन वाजला. ड्युटी सोडून गेले हे कळलं असतं तर तेच आत गेले असते. म्हणून बाई नव्हतीच.

मिथुन ऐकत उभा राहिला, मग बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसला. अजून तो माझ्याशी धड बोलत नाही. मला या घरात श्वास घ्यायला जागा उरलेली नाही, काका. कुणीच वाईट नाही आणि तरी कुणाकडे बघवत नाही.

सासूबाईंना मी समजावलं की तुम्ही कोळवाण समजलात. त्यांना हे चाळीस वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांनी बरोबर सांगितलं आणि मास्तर बहिरा निघाला. "मी बराबर सांगेल व्हतं," एवढंच म्हणत राहिल्या. मग मी तुमचं ते वाक्य वाचून दाखवलं, बायकोही भास म्हणाली ते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "बायको बी?"

त्यांची अट अशी. कागदावर अंगठा देणार नाहीत, मोबाईलमध्ये आवाज भरू देणार नाहीत. मेलेल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडणार नाहीत. बोलतील ते फक्त तुमच्याशी, फोनवर, आणि खोलीत दुसरं कुणी नको.

नंबर खाली लिहिला आहे.

प्रतिभा


सारंगखेडा
२० जानेवारी २०२४

प्रतिभाताई,

फोनवर जमणार नाही. माफ करा.

काल किंजलचा मोबाईल मागून घेतला. तिला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. नंबर लावून तिने तो माझ्या हातात दिला. तिकडे घंटी वाजायला लागली आणि मी तो गादीवर टाकून दिला. ती संध्याकाळ तशीच्या तशी उभी राहिली. घंटी, मग बाईचा आवाज, मग मी उठून बाहेर जातो आणि हिरवा दिवा दाखवतो. मला वाटलं, मी ऐकलं की पुन्हा कुणीतरी मरेल.

सासूबाईंना सांगा, त्यांचा काही दोष नाही. मिथुनरावांना सांगा, त्यांच्या वडिलांवर माझा राग उरलेला नाही. तापलेलं पोर माझ्या मांडीवर असतं तर मीही पळालो असतो. पत्रव्यवहार इथेच थांबवू. तुमचं घर आधीच पुरेसं हललं आहे.

नवनीत पटेल


खांडबारा
९ फेब्रुवारी २०२४

काका,

थांबवू म्हणालात आणि परवा दुपारी स्वतःच फोन केलात! मी काजं करत होते, सुई बोटात घुसली. "मी पळसदऱ्याहून बोलतोय," असं तुम्ही म्हणालात. सारंगखेडा नाही, पळसदरा. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी मला हाताने बाहेर काढलं. "दार लोटी ले." मी दार ओढलं. दाराला कान लावणार होते, तर ओट्यावर मिथुन येऊन बसला. मान खाली घालून म्हणाला, "तू बी बस." आम्ही दोघं बसलो. आतून काही ऐकू आलं नाही, एकदा फक्त त्यांच्या बांगड्या वाजल्या.

थोड्या वेळाने हाक आली, "च्या ठेव." आत गेले तर फोन पोटावर ठेवून त्या डोळे मिटून पडलेल्या. विचारलं, काय बोललात? तर नेहमीसारखं ऐकू येईना. पण रात्री जेवताना मिथुनला म्हणाल्या, "मास्तर बहिरा नई व्हता." मिथुनने मान हलवली आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली. महिन्याभरानंतर तो माझ्याशी नीट बोलला.

काका, मला सांगा ना काय झालं. मी पिठाच्या डब्यातसुद्धा ठेवणार नाही, वाचून जाळून टाकीन.

तुमची,
प्रतिभा


सारंगखेडा
१५ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

सांगतो. जाळायचं की नाही ते तू ठरव.

किंजलने मोबाईल उशीवर ठेवला, मी त्याच्यावर कान टेकवून पडलो आणि तिला बाहेर जायला सांगितलं. तिकडून पहिला प्रश्न तुझ्या सासूबाईंनीच केला, "मास्तर, एकलाच शेतस ना?" मी म्हटलं, एकटाच आहे. दोन म्हातारी माणसं आपापल्या खाटेवर पडून एकमेकांचा श्वास ऐकत होती.

काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. तोंडातून निघालं ते जुनंच. "फाटक, पॅसेंजर कुठून निघाली?"

त्या म्हणाल्या, "मन्हा सासराना टेसनवरथीन निंघनी."

तोच आवाज, प्रतिभा. म्हातारा झालेला, पण टेसन म्हणताना तसाच ओढलेला. मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझी बायको असायला हवी होती. कागदावर मी आहे तोच राहणार, सतरा माणसांचा गुन्हेगार, आणि ते बरोबरही आहे. पण मी वेडा नव्हतो.

तिथेच फोन ठेवता आला असता. मला हवं होतं ते मिळालं होतं. पण त्या संध्याकाळी न विचारलेला प्रश्न जिभेवर येऊन बसला होता. मी म्हटलं, "बाई, सासऱ्याचं टेसन म्हणजे कोणतं?"

मी घाई केली नाही. बांगड्या वाजल्या, बहुतेक त्यांनी पदर डोक्यावर घेतला असावा. मग अगदी हळू, पोरीने पहिल्यांदा पाढा म्हणावा तसं, त्या म्हणाल्या, "गिरधरपूर."

मी म्हटलं, "बरं बाई. मग मी मालगाडी थांबवतो."

त्या म्हणाल्या, "थांबाडा, मास्तर. गाडीमा लोके शेतस."

तुझा,
नवनीतकाका